आपल्या धंद्यासकट या

१ जुलै २०२५, मंगळवार

आजपासून रोटरीचं, म्हणजे आमच्या समाजसेवेच्या क्लबचं, नवं वर्ष. जगातल्या सगळ्या रोटरी क्लबांचं वर्ष १ जुलैला सुरू होतं, त्यामुळे आमच्याकडे जून हिशेबात जातो आणि जुलै पदग्रहणात. यंदा युवा सेवेचं काम माझ्याकडे आहे. मी ते मागून घेतलं.

पहिल्याच बैठकीत वह्यावाटपाचा विषय निघाला. अध्यक्ष म्हणाले, "ताई, यंदा किती शाळा घ्यायच्या ते ठरवून टाका." वह्या द्यायलाच हव्यात. जूनमध्ये दोन-तीन मुलांचा शाळेचा खर्च एकदम अंगावर येतो तेव्हा आईबापांची काय ओढाताण होते, हे मी दुकानात उधारीच्या वहीत दरवर्षी बघते. पण आपण देतो ते सातवी-आठवीपर्यंतच पोचतं. त्यापुढची पोरं, म्हणजे पंधरा ते पंचवीस या वयातली, आपल्या डोळ्यांसमोर असतात आणि आपल्या यादीत नसतात. त्यांना वहीची अडचण नसतेच. पुढे काय करायचं, कोणाला विचारायचं, कुठल्या कागदावर कोणाची सही लागते, ही त्यांची अडचण. मी म्हटलं, वह्यांच्या बजेटमधले निम्मे पैसे द्या, आणि प्रत्येकाने आठवड्यातली एक संध्याकाळ द्या. पैशांना लगेच होकार मिळाला. संध्याकाळवर चर्चा लांबली, आणि ती व्हायलाच हवी होती. प्रत्येकाचं दुकान, दवाखाना, घरचं म्हातारं माणूस, हे सगळं खरंच असतं.

मग मी शिकागोची गोष्ट सांगितली. २३ फेब्रुवारी १९०५ ला पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तिघांना एकत्र बसवलं. एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता, एक शिंपी. बैठक आळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत व्हायची, त्यावरूनच रोटरी हे नाव पडलं. क्लबची मूळ कल्पनाच ही, की वेगवेगळ्या धंद्यांतली माणसं एका टेबलाभोवती असावीत. आपल्याकडे आज हाडांचे डॉक्टर आहेत, सीए आहेत, वकील आहेत, वायरिंगचे ठेकेदार आहेत, बेकरीवाले आहेत, मी औषधवाली आहे. तालुक्यातल्या कुठल्याही पोराला एवढी माणसं एका छताखाली फुकट भेटणार नाहीत. आपण मात्र त्याच्यापुढे जातो ते पाहुणे म्हणून, हार घालून घ्यायला. धंदा घरी ठेवून जातो. यंदा धंद्यासकट जाऊ या.

अध्यक्षांनी मान हलवली. बघू.

६ जुलै, आषाढी एकादशी

सुट्टी असली तरी दुकान अर्धा दिवस उघडं ठेवते. सकाळी एक मुलगा आला. भरतीची तयारी करणारा. हे दुरूनच कळतं, बारीक कापलेले केस आणि टाचेकडे झिजलेले बूट. "काकू, नडगीला लय ठणका लागतोय. पळायलाच येईना. जोरातली गोळी द्या."

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीचे ५० गुण. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. त्यानंतर लेखी परीक्षा १०० गुणांची. सोळाशेत काही सेकंद इकडचे तिकडे झाले की गुण जातात, म्हणून ही पोरं पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर पळतात. जाहिरात कधी येईल याचा पत्ता नसतो. ती उद्या आली तर आपण मागे राहू नये, या धास्तीने एक दिवसही सुट्टी घेत नाहीत. वय मात्र वाढत जातं. घरी विचारलं जातं, अजून किती वर्षं पळणार?

त्याला गोळी दिली नाही. उपाशीपोटी, घामाने अंगातलं पाणी गेलेलं असताना वेदनाशामक गोळ्या खात राहिलं की मूत्रपिंडावर येतं, हे समजावून सांगितलं. शिवाय दुखणं दाबून पळत राहिलं तर हाडाला बारीक चीर पडू शकते. त्याने सगळं ऐकलं, मान खाली घालून. मग हळूच विचारलं, "आणि ते दमाचं इंजेक्शन मिळतं का हो तुमच्याकडं?"

त्या औषधाचं नाव इथे लिहीत नाही. ऑपरेशनच्या वेळी रोग्याचा रक्तदाब एकदम खाली गेला तर भूलतज्ज्ञ ते देतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही, तरी व्यायामशाळांच्या आसपास ते फिरतं हे या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. टोचलं की छाती धडधडते, थकवा जाणवत नाही आणि पोराला वाटतं दम वाढला. वाढतो तो रक्तदाब. हृदयाचं काय होईल ते सांगता येत नाही, आणि सवय लागली की डोकं ठिकाणावर राहत नाही. मी त्याला स्टुलावर बसवून हे सगळं सांगितलं. गिऱ्हाईकं खोळंबली, खोळंबू दिली. रागावले नाही. त्याला ते कोणीतरी सुचवलं होतं, आणि ते सुचवणाऱ्यापलीकडे विचारायला त्याच्याजवळ दुसरं माणूस नव्हतं.

दुपारी भगर आणि शेंगदाण्याच्या आमटीचा फराळ करताना डॉक्टरांना फोन लावला. म्हटलं, तुमची पहिली संध्याकाळ मला पहाटे हवी आहे.

१२ जुलै, शनिवार

कागदपत्रांचं टेबल आज अभ्यासिकेत लावलं. ही अभ्यासिका म्हणजे बाजारपेठेतल्या जुन्या वखारीचा वरचा मजला. क्लबने पंखे, टेबलं, इन्व्हर्टर घातलेला आहे. तिची सुरुवात पुरातून झाली, हे नव्या सदस्यांना माहीत नसतं म्हणून लिहून ठेवते.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी घराघरांत शिरलं. ओसरल्यावर आम्ही चादरी, भांडी, शिधा घेऊन फिरत होतो. एका घरात बाई अंगणात कागद वाळत घालत होत्या. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचे दाखले, आणि मधोमध एक पिवळट जीर्ण कागद, त्यांच्या आजेसासऱ्यांचा शाळेचा दाखला. त्यावरची शाई पसरून गेली होती. ओबीसी जातपडताळणीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. त्या घराकडे तेवढा एकच होता, आणि मुलगा बारावीला होता. शिध्याची पिशवी त्यांच्या हातात देताना आपण चुकीची वस्तू आणली आहे असं मला वाटलं. आमचे वकीलसाहेब मग त्या मुलाबरोबर शाळेत गेले, जनरल रजिस्टर शोधून काढलं, नोंद सापडली, नवा उतारा मिळाला. त्याच पावसाळ्यात त्यांनी असे कितीतरी उतारे मिळवून दिले. ती मुलं कागदांसाठी बसायला यायची, मग पुस्तकं घेऊन बसू लागली, आणि बसायला जागा हवी म्हणून वखार.

आजचं टेबल मुख्यतः अकरावीसाठी होतं. यंदा पहिल्यांदाच सबंध राज्यात अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले. आधी हे मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा महानगरांपुरतं होतं. आमच्याकडे दहावीचा निकाल लागला की पोरगं वडिलांबरोबर कॉलेजात जायचं आणि नाव घालून यायचं. आता दहापर्यंत पसंतीक्रम भरायचे आणि यादीची वाट बघायची. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं आणि तिथे प्रवेश घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर, हा नियम बऱ्याच पालकांना ठाऊकच नव्हता. एका मुलीने मैत्रिणीचं बघून लांबचं कॉलेज पहिलं टाकलं होतं. तिकडे जायला सकाळची एसटी नाही. तिला ते मिळालंही. आता मार्ग काढतोय, सीए साहेब तिच्या वडिलांशी दोनदा बोलले आहेत.

नॉन-क्रिमीलेअरच्या, म्हणजे कुटुंबाचं उत्पन्न आरक्षणाच्या मर्यादेत असल्याच्या, दाखल्यावर मुदत ३१ मार्चची असते. गेल्या वर्षीचा दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत जिवापाड जपून आणलेला असतो, आणि टेबलावर आल्यावर कळतं की तो संपला. मग तलाठ्याचा अहवाल, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, सेवा केंद्राची रांग, पुन्हा सगळं पहिल्यापासून. बापाची त्या दिवसाची मजुरी बुडते. मला वाटतं आपल्या गावातल्या गुणी पोरांची वाट परीक्षेने जेवढी अडवली नसेल, तेवढी या तारखांनी अडवली आहे. म्हणून फेब्रुवारीतच दहावी-बारावीच्या वर्गांत जाऊन दाखल्यांच्या मुदती तपासायच्या, असं आज ठरलं. इंटरॅक्टच्या मुली हे काम करणार. इंटरॅक्ट म्हणजे बारा ते अठरा वयाच्या मुलामुलींचा क्लब, १९६२ पासूनची ही योजना आहे. मोठ्यांनी विचारलं की पोरं "आहे, आहे" म्हणतात. बरोबरीच्या मुलीने विचारलं की दप्तर उघडून दाखवतात.

आणखी एक. बारावी झालेल्या दोघी बहिणींपैकी एकीलाच पुढे शिकवायचं, असं ठरवून एक आई आली होती. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय तिला वकीलसाहेबांनी वाचून दाखवला. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यावर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. संस्थेच्या कोट्यातून घेतला तर नाही. ती बाई म्हणाली, "हे आम्हाला कोण सांगणार हो?" तिचा स्वर तक्रारीचा नव्हता, ती खरंच विचारत होती. आता दोघींचे अर्ज भरतोय.

२० जुलै, रविवार

पहाटे डॉक्टरांबरोबर मैदानावर. पाऊस थांबला होता, चिखल होता. मुलं अपेक्षेपेक्षा जास्त, मुलीही बऱ्याच. डॉक्टरांनी भाषण केलं नाही. एकेकाला खाली बसवून नडगी दाबून बघितली. दुखणं लांबट पट्ट्यात असेल तर विश्रांतीने आणि बर्फाने उतरतं. एका बोटाएवढ्या जागी टोचत असेल आणि रात्री पडल्यावरही ठणकत असेल तर एक्स-रे. तसे काही निघाले, त्यांना सोमवारी दवाखान्यात बोलावलं आहे, फी नाही. डांबरावर पळू नका, मातीवर पळा. अंतर एकदम वाढवू नका. आठवड्यातून एक दिवस पाय बंद. हे शेवटचं पोरांना पटेना. एक म्हणाला, "सर, बाकीचे पळत असतात तेव्हा घरी झोप कशी लागणार?"

मी इंजेक्शनबद्दल बोलले, सगळ्यांसमोर, नाव घेऊन. शांतता पसरली. कोण घेतं असं विचारलं नाही. दुकानात कधीही या, आत स्टूल आहे, एवढंच म्हटलं. एकादशीचा तो मुलगा मागच्या रांगेत होता. आज पळत नव्हता, इतरांच्या वेळा लावत होता.

वह्यांच्या पैशांतून वाचलेल्या रकमेतले काही मैदानाच्या कडेने मातीचा पट्टा करायला वापरावेत, असा प्रस्ताव मी मांडणार आहे. ट्रॅक्टर बेकरीवाल्यांचे भाऊ देतो म्हणाले आहेत.

२६ जुलै, शनिवार

आजची बैठक मुलींच्या वेळेवर गेली. अभ्यासिका रात्री अकरापर्यंत उघडी असते, पण साडेसातनंतर तिथे एकही मुलगी नसते. एका ज्येष्ठ सदस्यांचं म्हणणं, त्यांच्या घरच्यांना चालत नाही त्याला आपण काय करणार. मी त्या मुलींना विचारून आले होते. घरच्यांचा अभ्यासाला विरोध नाही. वखारीपासून चौकापर्यंतचा रस्ता अंधारा आहे, आणि जिन्याखाली पोरांची टोळकी उभी असतात. हे दोन्ही आपल्याला करता येण्यासारखं आहे. १९८९ साली रोटरीने सदस्यत्वाच्या नियमातली पुरुषांची अट काढली, म्हणून मी आज या टेबलाशी बसून हे बोलू शकते. तेव्हाही अनेकांना ते चालत नव्हतं.

ठरलं ते असं. रस्त्यावर दिव्यांसाठी नगरपालिकेत अर्ज, आणि तोवर वखारीच्या भिंतीवर आपले दोन दिवे. साडेनऊपर्यंत मुलींसाठी स्वतंत्र खोली. रोज एक महिला सदस्य किंवा सदस्याच्या घरातली बाई तिथे हजर. मंगळवार आणि शनिवार मी.

संध्याकाळचं वेळापत्रकही भरत आलं. सोमवारी सीए साहेब, गणित आणि बँकेच्या परीक्षा. बुधवारी वकीलसाहेब, कागदपत्रं. शुक्रवारी डॉक्टर. गुरुवार रिकामा होता. बैठक संपल्यावर वायरिंगचे ठेकेदार माझ्यापाशी थांबले. इतकी वर्षं क्लबात आहेत, मंडपाच्या वीजजोडणीपासून सगळं करतात, पण बोलायला उभे राहिलेले मी पाहिलेले नाहीत. म्हणाले, "ताई, मला चार पोरांपुढं बोलता येत नाही. मी हत्यारं घेऊन आलो तर चालेल का? आयटीआयची पोरं आहेत बरीच, त्यांचा हात बसवून देईन. दोघं-तिघं चांगली निघाली तर माझ्याकडेच लागतील."

गुरुवार त्यांचा. सहा वाजता टेस्टर, क्रिम्पिंगचं साधन आणि एक जुना मीटरबोर्ड घेऊन येणार आहेत. टेबलावर टाकायला प्लायवूडची फळी हवी आणि पाच-सहा जोड्या रबरी हातमोजे. हातमोजे मी आणते, फळीचं उद्या सुतारांना सांगते.