ताव्हारिश, सेंटरिंग आणि डब्याचं झाकण

२०२५ च्या १ जुलैला शेजारच्या आजोबांनी गॅरेजचं शटर वर केलं, चार घडीच्या खुर्च्या मांडल्या आणि टीव्ही बाहेर आणून ठेवला. कॅनडा डेची सुट्टी. पण आमच्या मिसिसागाच्या गल्लीत दुपारी बाराची वाट बघतात ती वेगळ्या कारणासाठी: बाराच्या ठोक्याला हॉकीतल्या फ्री एजंट मंडळींचा, म्हणजे करार संपून मोकळ्या झालेल्या खेळाडूंचा, बाजार उघडतो. (इथे हॉकी म्हणजे बर्फावरची. 'आइस हॉकी' म्हटलं की लोक आपल्याकडे 'चहाचा चहा' मागितल्यासारखं बघतात.)

त्या वर्षी आजोबा गप्प होते. चारच दिवस आधी जॉन टवारेसने टोरोंटो मेपल लीफ्सशी, म्हणजे आमच्या हॉकी संघाशी, नवा करार केला. चार वर्षं, वर्षाला सुमारे ४३.८ लाख डॉलर. आधीच्या करारात हाच आकडा १ कोटी १० लाख होता. त्यात संघातला दुसरा तारा मिच मार्नर व्हेगासच्या संघात निघून गेला. म्हणजे २०१८ च्या ज्या १ जुलैला आम्ही याच गॅरेजात नाचलो होतो, त्या दिवसाचा हिशोब आता मिटला.

त्या दिवशी मी आईला फोन केला होता. सावंतवाडीत रात्र झाली होती. म्हटलं, टवारेस नावाचा मोठा खेळाडू न्यूयॉर्क आयलंडर्स हा संघ सोडून इथे आलाय, सात वर्षांसाठी ७.७ कोटी डॉलरला. आई म्हणाली, "ताव्हारिश? मापश्याचो काय गो तो?" नाही, त्याचं घराणं पोर्तुगालकडचं, पण जन्म इथलाच, मिसिसागाचा. मेपल लीफ्सच्या चादरीत झोपलेल्या लहानपणीचा फोटो त्याने त्या दिवशी टाकला होता, तोही मी पाठवला. आईने तो बघितला, जरा थांबली आणि म्हणाली, "म्हणजे तो घराक गेलो."

त्यावर मी काय बोलले आठवत नाही. मला तेव्हा पुण्याहून एक नोकरी सांगून आली होती आणि मी "आत्ताच नको" असं कळवून आठवडाही झाला नव्हता.

असो. आजोबांचा सिद्धांत ऐका. माणूस आयुष्यभर टोरोंटोत काँक्रीट ओतत आला. इथल्या पोर्तुगीजांच्या त्या पिढीत घरटी एक तरी या धंद्यातला. ते म्हणतात, पाडून बांधायला घेतलेल्या, म्हणजे जुने खेळाडू काढून नव्या पोरांवर उभ्या करायच्या संघाचं स्लॅबसारखं असतं. काँक्रीटला पुरती ताकद यायला २८ दिवस लागतात. त्याआधी वर वजन ठेवलंत तर तडा. पण ताकद आल्यावरही उगाच थांबलात, तर खालच्या सेंटरिंगचं, म्हणजे टेकूंचं, भाडं चालूच. हे सांगताना त्यांनी टिम हॉर्टन्सच्या डोनटच्या डब्याचं झाकण फाडून त्यावर पेनने आकडे लिहिले होते. ते झाकण अजून माझ्या फ्रिजवर आहे, साखरेच्या डागासकट.

आकडे असे. संघाला पगारावर वर्षाला खर्चायची मर्यादा असते. २०१८-१९ साली ती ७.९५ कोटी होती. नव्या पोरांचा पहिला करार तेव्हा तीन वर्षांचा आणि बोनस सोडले तर दहा लाखांच्या आतला. तीच स्वस्ताईची वर्षं. उलट बाजारात मनाप्रमाणे कुठेही जायची मोकळीक खेळाडूला साधारण सत्ताविसाव्या वर्षी मिळते, म्हणजे तारा हाती लागतो तेव्हा त्याच्या उमेदीची तीन-चार वर्षं उरलेली. पोरांची स्वस्ताईची आणि ताऱ्याच्या उमेदीची वर्षं जितकी जास्त एकावर एक येतील तितकं बरं.

लीफ्स २०१५-१६ ला तीस संघांत तिसावे आले होते. ठरवून. प्रशिक्षकाने आधीच सांगितलं होतं की त्रास होणार आहे. मला याचं आजही नवल वाटतं. आपल्याकडे कोणी पत्रकार परिषदेत "दोन वर्षं हरणार आहोत" म्हणाला तर संध्याकाळपर्यंत पुतळा जळेल. इथे लोक मान डोलावतात आणि गच्च भरलेल्या स्टेडियममध्ये बसून हरताना बघतात. त्या शेवटच्या नंबराची बक्षिसी म्हणून, नव्या पोरांच्या निवडीत, ऑस्टन मॅथ्यूज मिळाला. तो आणि मार्नर २०१६ मध्ये खेळू लागले. म्हणजे टवारेस आला तेव्हा त्यांच्या स्वस्ताईचं एकच वर्ष शिल्लक होतं. त्या वर्षी त्याने ४७ गोल मारले, आयुष्यातले सर्वाधिक, आणि संघ पहिल्याच फेरीत बोस्टनकडून हरला. पुढच्या मोसमापर्यंत मॅथ्यूज, मार्नर, टवारेस आणि नीलँडर या चौघांवरच जवळपास अर्धा पैसा जाऊ लागला. मग कोविड, आणि मर्यादा ८.१५ कोटींवर गोठली. आजोबांच्या मते गणित इथे फिसकटलं: सेंटरिंग काढायच्या दिवशी पाहुणा आला.

मला हे पूर्ण पटत नाही. शिकागोने २००९ मध्ये मारियन होसा या ताऱ्याला घेतलं, तेव्हा त्यांच्या टेव्ज आणि केन या पोरांचंही स्वस्ताईचं एकच वर्ष उरलं होतं. त्या एका वर्षात त्यांनी कप (स्टॅन्ले कप, म्हणजे लीगचं विजेतेपद) जिंकला. पण होसा मर्यादेच्या नऊ टक्क्यांत बसला होता (बारा वर्षांवर पैसे पसरून वर्षाचा आकडा खाली आणायची ती युक्ती २०१३ मध्ये बंद झाली), टवारेस जवळपास चौदा. आणि शिकागोकडे बचावफळी तयार होती. टोरोंटोकडे टवारेसच्याच मधल्या जागेवर काद्री होताच, वर्षाला ४५ लाखांत; एका वर्षाने त्याला कोलोरॅडोला देऊन टाकला आणि २०२२ मध्ये तो तिथे कप उचलून आला. छप्पर गळत असताना दुसरं झुंबर आणलं, असं मी म्हटलं. आजोबा दोन दिवस बोलले नाहीत.

उलट टोकाला न्यूयॉर्कचाच दुसरा संघ, रेंजर्स. त्यांनी २०१८ च्या फेब्रुवारीत चाहत्यांना चक्क पत्र लिहून कळवलं की आता पाडून बांधतोय, आणि जेमतेम दीड वर्षात पनारिन या ताऱ्याला सात वर्षांसाठी घेतलं. स्लॅब ओला होता. तरी २०२२ आणि २०२४ मध्ये उपांत्य फेरी गाठली. कप नाही, पण चार घास खाल्ले की! माझा नवरा बेळगावचा आणि तरी आरसीबीचा (आमच्या घरातला सीमाप्रश्न हाच). तो म्हणतो, अठराव्या मोसमात आम्ही जिंकलोच ना, तुमच्या लीफ्सचं १९६७ पासून कपाविना काय चाललंय? मी तावातावाने सांगते की लिलावात खेळाडूला विचारतं कोण, जास्त बोली लावेल त्याचा तो. इथे माणूस स्वतः ठरवतो. मग माझ्याच लक्षात येतं की मी कोणाची बाजू घेतेय.

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. २०१९ च्या २८ फेब्रुवारीला टवारेस पहिल्यांदा जुन्या संघाच्या मैदानावर गेला. नऊ मोसम तिथे खेळलेला, कप्तान होता. लोकांनी प्लास्टिकचे साप फेकले. जर्सी फेकली. त्याला चादरीवरून डिवचत राहिले. लीफ्स १-६ असे हरले. मी टीव्हीसमोर इतकी चिडले की नवऱ्याने आवाज बंद केला. अरे, करार संपला होता त्याचा! पळून नाही गेला, मुदत भरून गेला. आपल्या गावी गेला, आईबापांच्या जवळ. घरी गेलेल्या माणसाला साप? मी सावंतवाडी सोडली तेव्हा कोणी साधा खडा मारला नाही. स्टँडवर आईने डब्यात घावणे दिले, एवढंच.

आणि २०२५ च्या मे महिन्यात सातव्या, निर्णायक सामन्यात फ्लोरिडाकडून पुन्हा १-६. या वेळी जर्सी आमच्याच लोकांनी फेकल्या.

म्हणून त्या १ जुलैला मी आजोबांना विचारलं, आता चौतीस वर्षांच्या माणसाला अजून चार वर्षं कशाला? ते म्हणाले, ३८ गोल केलेत त्याने, आणि आता स्वस्ताईतला तोच. झाकण आणतेस का? मी म्हटलं, फ्रिजवरचं भरलंय.

रात्री आईला सांगितलं. "अर्ध्यापेक्षा कमी पगारात रवलो?" हो म्हटलं. "घर जवळ आसा म्हणान," ती म्हणाली.

मी विचारलं, फणस उतरवला का यंदा? कापा की बरका?