आकड्यांच्या गर्दीतून निवडलेल्या वस्तू: वर्षभराच्या खरेदीचा माझा अनुभव

गेल्या वर्षाच्या सुरुवातीला मी घरातल्या खरेदीसाठी एक वेगळी वही घातली. एखादी वस्तू हवीशी वाटली की तिचे नाव, तारीख आणि तिच्यामुळे नेमकी कोणती अडचण दूर होणार आहे हे एका वाक्यात लिहायचे, आणि त्यानंतर महिनाभर काहीही करायचे नाही, एवढाच नियम होता. महिन्यानंतरही ते वाक्य खरे वाटले, तर मग माहितीपत्रके, वापरपुस्तिका आणि वापरणाऱ्यांचे अभिप्राय वाचायला बसायचे. अर्ध्याहून अधिक नोंदी या पहिल्या चाळणीतच गळून पडल्या. उरलेल्यांच्या बाबतीत मात्र खरे काम पुढेच होते, कारण हल्ली कोणत्याही वस्तूच्या खोक्यावर आकड्यांची दाटी असते आणि त्यांतला मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा आपल्या अडचणीशी संबंधित असेलच असे नाही. वर्षअखेरीस ज्या वस्तू मला मनापासून आवडल्या, त्या बहुतेक सगळ्या अशा आहेत की ज्यांच्याबाबतीत योग्य आकडा कोणता हे मला विकत घेण्याआधी कळले होते.

सर्वांत आवडती खरेदी म्हणजे वाचनासाठी घेतलेला टेबलावरचा दिवा. वहीतले वाक्य असे होते: ‘रात्री वाचताना डोळे शिणतात आणि छायाचित्रांचे रंग मळकट दिसतात.’ दिवा म्हटले की आपण सवयीने वॅट विचारतो. पण वॅट हे विजेच्या खर्चाचे माप आहे, उजेडाचे नव्हे. उजेड ल्युमेनमध्ये मोजतात. जुना तारेचा 60 वॅटचा बल्ब साधारण 800 ल्युमेन उजेड देत असे आणि तेवढाच उजेड एलईडी दिवा आठ-दहा वॅटमध्ये देतो. शिवाय वाचनासाठी दिव्यातून किती उजेड निघतो यापेक्षा पानावर किती पोहोचतो हे महत्त्वाचे असते. दिव्याचे अंतर निम्मे केले की पानावरचा उजेड जवळजवळ चौपट होतो. त्यामुळे जास्त ल्युमेनचा दिवा शोधण्याऐवजी मी लांब आणि जागच्या जागी स्थिर राहणाऱ्या दांड्याचा दिवा शोधू लागलो.

मळकट रंगांचे कारण शोधताना मात्र मला खरी मेजवानी मिळाली. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्या निळ्या प्रकाशाचा काही भाग एलईडीवर चढवलेल्या पिवळसर लेपामुळे इतर रंगांत बदलतो आणि दोहोंचे मिश्रण आपल्याला पांढरे दिसते. (याच निळ्या एलईडीच्या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या शास्त्रज्ञांना 2014 चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.) स्वस्त लेपातून गडद तांबडा प्रकाश कमी निघतो, म्हणून तांबड्या वस्तू विटक्या आणि माणसांचे चेहरे आजारी दिसतात. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात हे मोजण्यासाठी सीआरआय नावाचा निर्देशांक आहे आणि त्याचे कमाल मूल्य 100 आहे. मात्र नेहमी छापला जाणारा सीआरआय हा आठ फिकट रंगनमुन्यांची सरासरी असतो. गडद तांबड्याचा नमुना त्यात धरलेलाच नसतो. तो ‘आर-9’ या नावाने वेगळा दिला जातो, किंवा बहुतेक वेळा दिलाच जात नाही. म्हणून मी 90 पेक्षा अधिक सीआरआय आणि आर-9 चा आकडा स्पष्ट लिहिणारे दिवे तेवढे बाजूला काढले. रंगतापमानाचा विचार त्यानंतर केला. 2700 केल्विनचा प्रकाश जुन्या बल्बसारखा पिवळसर असतो, तर 6500 केल्विनचा ढगाळ दिवसासारखा निळसर. डोळ्याच्या पडद्यावर साधारण 480 नॅनोमीटरच्या निळसर प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या आणि शरीराच्या घड्याळाशी जोडलेल्या वेगळ्या पेशी असतात, हे 2002 च्या सुमारास स्पष्ट झाले. त्यामुळे रात्रीच्या वाचनाला पिवळसर प्रकाशच घ्यायचे ठरवले.

दिवा घरी आल्यावर मी तांबड्या कापडी बांधणीचे एक पुस्तक आधी जुन्या दिव्याखाली आणि मग नव्या दिव्याखाली धरले. जुन्या उजेडात ती बांधणी विटकरी, काहीशी तपकिरी दिसत होती. नव्या उजेडात ती तांबडी झाली आणि कापडाची वीणही वेगळी उठून दिसू लागली. त्यानंतर दिवा सर्वांत मंद करून मोबाइलच्या संथगती कॅमेऱ्याने त्याचे चित्रण केले. काही दिवे मंद करताना उजेड खरोखर कमी होत नाही, तर दिवा डोळ्याला न कळेल इतक्या वेगाने बंद-चालू होत राहतो, आणि काही जणांचे डोके त्यानेच दुखते. या दिव्याच्या चित्रणात काळ्या पट्ट्या दिसल्या नाहीत. ही तपासणी कोणालाही जमण्यासारखी आहे आणि ती परतीची मुदत संपण्याआधी करावी. पट्ट्या दिसल्या नाहीत म्हणजे दिवा अगदी निर्दोष, असे मात्र म्हणता येत नाही.

हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राची, म्हणजे एअर प्युरिफायरची, खरेदी अधिक कटकटीची ठरली. इथे प्रत्येक खोक्यावर ‘99.97 टक्के’ असे ठळक छापलेले असते. हा आकडा खोटा नसतो: हेपा दर्जाची गाळणी 0.3 मायक्रॉन आकाराचे एवढे कण अडवते. हा आकार निवडण्यामागचे कारण मला फार आवडले. त्याहून मोठे कण आपल्या जडत्वामुळे गाळणीच्या तंतूंवर आपटतात. फार लहान कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे भरकटतात आणि त्या भरकटण्यातच तंतूंना चिकटतात. मधल्या, सुमारे 0.3 मायक्रॉनच्या कणांना ना पुरेसे जडत्व असते ना पुरेशी भटकंती, म्हणून तेच निसटण्याची शक्यता सर्वांत जास्त. थोडक्यात, ही चाचणी सर्वांत अवघड कणांवर घेतलेली असते.

पण गाळणी कितीही चांगली असली तरी तिच्यातून ताशी किती हवा जाते हे त्या टक्केवारीतून कळत नाही. ते सीएडीआर (शुद्ध हवा पुरवण्याचा दर) या आकड्यातून कळते. समजा खोलीचे क्षेत्रफळ 12 चौरस मीटर आणि उंची 3 मीटर असेल, तर तिच्यात 36 घनमीटर हवा आहे. ती तासाला पाच वेळा गाळली जावी असे वाटत असेल, तर ताशी 180 घनमीटर सीएडीआर हवा. गोम अशी की हा आकडा सहसा पंख्याच्या सर्वोच्च वेगाला मोजलेला असतो आणि त्या वेगाला यंत्राचा आवाज इतका असतो की शेजारी झोपणे अशक्य. मी आधी मागवलेले यंत्र याच कारणाने विक्रेत्याकडे परत गेले. त्याच्या पत्रकात आवाजाचा आकडा सर्वांत कमी वेगाचा आणि शुद्धीकरणाचा आकडा सर्वांत जास्त वेगाचा दिला होता, आणि दोन्ही एकाच ओळीत! दुसऱ्या वेळी मी गरजेच्या जवळपास दुप्पट सीएडीआरचे यंत्र घेतले आणि ते कायम मधल्या वेगावर ठेवले. वास आणि वायू हेपा गाळणीत अडकत नाहीत, त्यासाठी सक्रिय कोळशाचा जाड थर लागतो. आणि खोलीत कोंडलेला कार्बन डायऑक्साइड तर खिडकी उघडल्याशिवाय जात नाही. बदलायची गाळणी कितीला पडते आणि ती सहज मिळते का, हेही यंत्र घेण्याआधीच पाहून ठेवले होते.

बाहेरचा आवाज मारणारे हेडफोन ही वर्षातली सर्वांत खर्चिक वस्तू, आणि वहीत ती महिन्याची चाळणी ओलांडूनही बराच काळ पडून होती. या तंत्राची कल्पना जुनी आहे. जर्मन संशोधक पाउल लूएग यांना त्याचे अमेरिकी पेटंट 1936 मध्ये मिळाले. हेडफोनवरचा मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतो आणि आतला स्पीकर त्याच्या नेमकी उलट लहर सोडतो, त्यामुळे दोन्ही लहरी एकमेकींना मारतात. हे गणित जुळायला लहर लांब असावी लागते. 100 हर्ट्झच्या घरघरीची तरंगलांबी हवेत जवळजवळ साडेतीन मीटर असते, तर 3000 हर्ट्झच्या आवाजाची अकरा-बारा सेंटिमीटर. लहर इतकी आखूड झाली की किंचित उशीरही उलट लहरीला चुकीच्या जागी नेऊन ठेवतो. म्हणून पंखा, इंजिन, वातानुकूलन यंत्र यांची सलग घरघर हे हेडफोन सुरेख मारतात. शेजारच्या माणसाचे बोलणे, भांड्याचा खणखणाट किंवा कुत्र्याचे भुंकणे मात्र मुख्यतः कानावरच्या गादीलाच अडवावे लागते. खोक्यावर ‘इतके डेसिबल घट’ असा एकच आकडा असतो आणि तो कोणत्या कंप्रतेचा हे सांगितलेले नसते.

त्यामुळे माझी निवड आवाज मारण्याच्या आकड्यापेक्षा गादीवर झाली. मी चष्मा लावतो. चष्म्याची काडी गादीखाली आली की तिथे फट राहते आणि त्या फटीतून घरघर थेट आत शिरते. दुकानात मी एक साधा प्रयोग केला: चालू पंख्याजवळ उभे राहून हेडफोन चालू केले आणि चष्मा काढला, पुन्हा लावला. एका जोडीत हा फरक दिवस-रात्रीइतका होता, तर मऊ आणि जाड गादीच्या जोडीत जेमतेम जाणवला. तीच घेतली. तिच्या गाद्या सुट्या मिळतात, ही आणखी एक जमेची बाजू, कारण अशा हेडफोनांत सर्वांत आधी झिजते ती गादी. बॅटरीच्या बाबतीत एवढेच पाळतो की ती सतत शंभर टक्के भरलेली आणि गरम जागी ठेवायची नाही. लिथियमच्या बॅटऱ्या या दोन गोष्टींनी लवकर म्हाताऱ्या होतात.

ई-रीडरबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, कारण तिथे निवड सोपी होती. त्याच्या पडद्यात सूक्ष्म कुप्या असतात आणि त्यांत काळे-पांढरे विद्युतभारित कण. एकदा पान उमटले की ते टिकवायला वीज लागत नाही, फक्त पान उलटताना लागते. जुन्या 800 गुणिले 600 बिंदूंच्या सहा इंची पडद्यावर इंचाला 167 बिंदू पडत, आता 300 मिळतात. देवनागरी वाचणाऱ्यासाठी हा फरक मोठा आहे: ‘द्ध’, ‘ष्ट्र’, ‘ङ्म’ अशी जोडाक्षरे लहान टंकात पूर्वी काळ्या ठिपक्यांसारखी दिसत. ‘बॅटरी कित्येक आठवडे’ हा दावा मात्र दिवसाला अर्ध्या तासाच्या वाचनाचा हिशेब धरून केलेला असू शकतो, तेव्हा तळटीप वाचावी.

खुर्चीने माझी या आकड्यांच्या पद्धतीवरची श्रद्धा थोडी हलवली. किती किलो वजन पेलते, किती अंश मागे झुकते, हे सारे पत्रकात होते. पण बसल्यावर गुडघ्याच्या मागचा भाग आणि बैठकीची कड यांच्यात दोन-तीन बोटांची जागा राहते का, पावले जमिनीला पूर्ण टेकतात का, हात टेबलावर ठेवताना खांदे उचलले जातात का, हे बसूनच कळते. जिची बैठक पुढे-मागे सरकवता येते अशी खुर्ची घेतली आणि प्रश्न मिटला.

शाईपेनाच्या वेळी तर कोणताच आकडा कामी आला नाही. ‘फाइन’ आणि ‘मीडियम’ ही मापे उत्पादकागणिक बदलतात. जपानी फाइन निब सामान्यतः युरोपीय फाइनपेक्षा बारीक लिहिते. अमेरिकी पेननिर्माते लुइस वॉटरमन यांच्या 1884 च्या पेटंटपासून मूळ युक्ती तीच आहे: निबेखालच्या जिभेतल्या बारीक खाचांतून शाई खाली उतरते आणि तेवढीच हवा वर जाते. ही देवाणघेवाण बिघडली की पेन एक तर कोरडे पडते किंवा गळते. मी घेतलेले पेन पहिल्या काही दिवसांत अक्षराची सुरुवात गाळत असे. निब आणि जीभ थंड पाण्यात धुतली, तेव्हा भांड्यातल्या पाण्यात एक तेलकट तवंग उतरला. तो बहुधा कारखान्यातल्या घडणीचा असावा. त्यानंतर पेन पहिल्या टेकण्यातच उमटू लागले. शाईबाबत एकच पथ्य आहे: चित्रकारांची लाखयुक्त काळी शाई यात कधीही भरू नये, ती वाळली की खाचा बुजतात. हे पेन मी पुन्हा पुन्हा विकत घेईन, आणि का, हे कोणत्याही पत्रकातल्या मापाने मला सांगता येणार नाही.

वहीत सध्या एकच नोंद महिन्याची चाळणी ओलांडून उभी आहे, ती झोपायच्या गादीची. फोमची घनता किलो प्रति घनमीटरमध्ये देतात. त्या आकड्यावरून टिकाऊपणाचा अंदाज येतो, गादी कडक की मऊ हे मात्र समजत नाही, कारण कडकपणा हे वेगळे माप आहे आणि ते अनेक पत्रकांत नसतेच. दुकानात पाच मिनिटे आडवे होऊन पाठीचा निकाल लागत नाही. म्हणून घनता लेखी देणारा आणि काही आठवडे घरी वापरून परत करू देणारा विक्रेता मी सध्या शोधत आहे.