नैरोबीहून आलेला प्रवासी

एप्रिल २०१६ मध्ये मुंबई विमानतळावरील आरोग्य तपासणी कक्षात मी वैद्यकीय अधिकारी होते. नैरोबीत नोकरी करणारा साताऱ्याकडचा एक तरुण आईच्या शस्त्रक्रियेसाठी तातडीने आला होता. त्याच्याकडे पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लसीचे प्रमाणपत्र नव्हते. ‘‘डॉक्टर, केवळ नैरोबीत राहणाऱ्याला जागतिक आरोग्य संघटना ही लस सहसा सुचवत नाही. मग तुम्ही मला कोणत्या अधिकाराने अडवता?’’ असे त्याने विचारले. संघटनेच्या मार्गदर्शनाविषयी तो म्हणत होता ते खरेच होते.

मी त्याला समोर बसवून सांगितले, की २००५ ची आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली स्वीकारताना भारताने आपला वेगळा अधिकार लेखी राखून ठेवला आहे, आणि त्यानुसार एखाद्या देशात पीतज्वराची नोंद झाली, तर त्याचा एखादाच भाग नव्हे, तर संपूर्ण देश बाधित मानण्याची मुभा आपल्याला आहे. पीतज्वर भारतात कधी आढळलेला नाही. मात्र तो पसरवणारा एडिस इजिप्ती डास, म्हणजे डेंग्यूचाच डास, आपल्या घरोघरी आहे, आणि लोकांमध्ये या रोगाविरुद्ध प्रतिकारशक्ती नाही. त्याच सुमारास अंगोलातील साथीचे रुग्ण विमानाने केनियात पोहोचले होते आणि चीनमध्येही असे ११ रुग्ण आढळले होते. अशा वेळी संघटनेचा सर्वसाधारण सल्ला आपल्या शहरांना पुरेसा आहे असे मला वाटत नव्हते, आजही वाटत नाही.

तरीही त्याच्या प्रश्नाने मला १९९४ चा सप्टेंबर आठवला. सुरतेतील प्लेगच्या बातमीनंतर, संघटनेने प्रवासबंदीची शिफारस केलेली नसतानाही, आखातातील काही देशांनी भारतातून येणारी विमाने बंद केली होती. सार्वभौमत्वाचा आधार तेव्हा त्यांनीही घेतला होता, आणि भीतीपोटी लादलेल्या त्या निर्बंधांची झळ रोगाशी संबंध नसलेल्या असंख्य भारतीयांना बसली. लसीचे प्रमाणपत्र नसल्यास विलगीकरण, ही आमची अट मात्र आधीपासून जाहीर होती, तिचे कारण तपासून पाहता येत होते आणि तिला मुदत होती : नैरोबी सोडल्यापासून जास्तीत जास्त सहा दिवस. राष्ट्राचा अधिकार मला मान्य आहे तो अशा बंधनांसह. केवळ ‘आमचा देश, आमची मर्जी’ म्हणून नव्हे.

त्याला विलगीकरण कक्षात ठेवण्याचा आदेश मी दिला. त्याला ताप नव्हता, इतर कोणतेही लक्षण नव्हते. आईची शस्त्रक्रिया त्याच्या अनुपस्थितीतच पार पडली. डॉक्टरांशी त्याचे फोनवर बोलणे व्हावे एवढीच व्यवस्था आम्ही करू शकलो. मुदत संपताच तो साताऱ्याला गेला. जाण्यापूर्वी त्याने लिहून दिलेली हरकत मी माझ्या अभिप्रायासह वरिष्ठांकडे पाठवली. माझ्या अभिप्रायात मी विलगीकरणाचे समर्थन केले होते, आणि भारताची ही अट विमान कंपनीने नैरोबीतच, तिकीट देतानाच प्रवाशांना सांगावी, अशी मागणीही केली होती.