मुंगळ्यांची नळी: उसन्या कोशांचं पुढे काय झालं

माझ्या काचेच्या नळीतल्या मुंगळ्यांच्या वस्तीची राणी पहिल्या पावसानंतर दिव्याखाली सापडलेली. कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस, म्हणजे आपला नेहमीचा काळा मुंगळा. नळी, पाणी, कापूस, अंधार. त्यात सांगण्यासारखं काही नाही. पहिल्या कामकरी मुंग्या किडकिडीत निघाल्या आणि वाढ अगदीच रेंगाळली, म्हणून बांधावरच्या एका जुन्या बिळातले थोडे कोश आणून नळीच्या तोंडाशी ठेवले.

कोश लगेच आत ओढले गेले. पुढे आमच्याच कामकऱ्यांनी ते कुरतडून उघडले आणि आतून निघालेल्या फिकट, लटपटत्या मुंग्यांना चाटूनपुसून साफ केलं. परक्या आईच्या मुली, पण कुणी जबडासुद्धा उघडला नाही. मुंगीची ओळख तिच्या अंगावरच्या मेणचट थरात असते. हे लांब साखळीचे हायड्रोकार्बन, आणि कोणता किती यावरून घर ठरतं. कोशातून नुकत्याच निघालेल्या मुंगीवर हा थर नावापुरताच, त्यामुळे तिला परकी ठरवायला आधार नाही. मग तोंडाला तोंड लावून अन्न देता-घेता, एकमेकींना चाटता-चाटता घशाजवळच्या ग्रंथीत साऱ्या वस्तीचा वास कालवला जातो आणि तोच प्रत्येकीच्या अंगावर चढतो.

या उसन्या मुंग्यांच्या पोटावर निघता-निघताच रंगाचा ठिपका दिला होता. त्या पुरत्या काळ्या झाल्यावर खरी उत्सुकता होती: स्वतःची सख्खी बहीण भेटली तर? बांधावरच्या त्याच बिळातली एक मोठी कामकरी आणून स्वच्छ काचेच्या बशीत सोडली, समोर ठिपकेवाली. अँटेना एकदा डोक्यावरून, एकदा छातीवरून फिरल्या. क्षणभर दोघी थिजल्या. मग ठिपकेवालीने जबडे फाकले, पोट पायांमधून पुढे वळवलं आणि बशीतून फॉर्मिक आम्लाचा नाकात झिणझिणणारा वास आला. ब्रशने लगेच वेगळं केलं. तीच ठिपकेवाली नळीत परतली तेव्हा दारातल्या मुंगीने अँटेनांनी जेमतेम चाचपलं आणि वाट दिली. रक्ताचं नातं इथे बिनकामाचं. मला हे वाचून माहीत होतं, पण बशीत बघताना जरा वाईटच वाटलं.

हा थर मुळात ओळखीसाठी नव्हताच. एकट्याने जगणाऱ्या कीटकांच्या अंगावरही तो असतो, कारण त्याशिवाय अंगातलं पाणी उडून जाईल. समाज नंतर आला आणि हाताशी असलेलं मेण ओळखपत्र झालं. 2014 मध्ये वाळवंटी मुंगी, गांधीलमाशी आणि भुंगमाशी यांच्या राण्यांवर काम झालं, तेव्हा कामकऱ्यांना अंडी घालण्यापासून रोखणारा संदेशही याच जातीच्या रेणूंत सापडला.

वास सोडणं जुनंच, वाढलं ते नाक. फळमाशीत गंध ओळखणारी सुमारे 60 जनुकं, मधमाशीत 170 च्या आसपास, आणि आपल्या मुंगळ्याच्या फ्लोरिडातल्या भावकीत जवळपास 400. या जनुकांतून बनणाऱ्या, वास टिपणाऱ्या सगळ्या प्रथिनांना ‘ऑर्को’ नावाचं एक जोडीदार प्रथिन लागतं. 2017 मध्ये ते बंद पाडलेल्या मुंग्या तयार झाल्या. त्यातली एक जात हार्पेग्नाथोस सॅल्टेटर, आपल्या पश्चिम घाटातही असलेली उड्या मारणारी मुंगी. पाय, डोळे धड, पण वस्तीत लक्ष नाही, एकट्याच भटकणाऱ्या. मेंदूतल्या वासाच्या गाठीही नीट वाढलेल्या नव्हत्या. फळमाशीत ऑर्को गेला तर त्या गाठी जवळपास शाबूत राहतात. हा फरक मला सगळ्यात जास्त खटकतो.

सध्या नळीतून जिप्समच्या घरात हलवायची तयारी चालू आहे. जुनी नळी धुणार नाही, तशीच जोडून ठेवणार. पुढच्या खेपेला निम्मे कोश कामकऱ्यांशिवाय वाढवून बघायचे आहेत, म्हणजे कुणाचाच वास न लागलेल्या मुंग्या मिळतील. अडचण एकच: मुंगळ्याचा कोश आतून नीट फुटत नाही, बाहेरून मदत लागते. चिमट्याने कोश सोलून मुंगी धड काढणं कुणाला जमलंय का? कोश किती गडद झाल्यावर हात लावायचा, तेही सांगा.