कॅबिनेटमधल्या हवेची वाट

माझ्या संगणकाच्या कॅबिनेटमध्ये सहा पंखे फिरत होते आणि तरीही एखादा जड गेम सुरू करून अर्धा तास झाला की प्रोसेसरचे तापमान चढू लागे. सातवा पंखा घेण्याचा बेत जवळजवळ ठरला होता. पण त्याआधी टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी फाडून ती प्रत्येक जाळीसमोर धरून पाहिली. समोरच्या तिन्ही पंख्यांपाशी पट्टी जाळीला चिकटली, मागच्या पंख्यापाशी ती बाहेर फडफडली, आणि हे अपेक्षितच होते. वरच्या दोन पंख्यांपैकी पुढच्या टोकाजवळ बसवलेल्या पंख्यावर मात्र ती सर्वांत जोरात उडाली, आणि तिथे तळहात धरला तर बाहेर येणारी हवा जवळपास खोलीइतकीच थंड लागली. समोरून आत घेतलेली ताजी हवा प्रोसेसरच्या कूलरपर्यंत पोहोचण्याआधीच हा पंखा छतातून बाहेर टाकत होता. तो काढला, ती जागा पुठ्ठ्याने झाकली, आणि पाच पंख्यांवर तापमान आधीपेक्षा खाली येऊन स्थिरावले.

हवा किती लागते याचा हिशेब फारसा अवघड नाही. मिनिटाला १ घनमीटर हवा कॅबिनेटमधून वाहत असेल, तर ती एका अंशाच्या तापमानवाढीमागे सुमारे २० वॅट उष्णता बाहेर नेते. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर मिळून ४०० वॅट उष्णता सोडत असतील, तर एवढ्या प्रवाहात बाहेर पडणारी हवा आत आलेल्या हवेपेक्षा सुमारे २० अंशांनी गरम होते. प्रवाह दुप्पट केला की ही वाढ १० अंशांवर येते. पण तीन घनमीटरांवरून चारवर गेल्यास जेमतेम दीड-दोन अंशांचाच फरक पडतो. म्हणून एका मर्यादेपुढे अधिक हवा ओढण्यापेक्षा, आलेली हवा गरम भागांवरून खरोखर जाते की नाही हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

याचा अर्थ जास्त पंखे निरुपयोगी असतात असा नाही. पंख्याची गती निम्मी केली तर प्रवाह निम्मा होतो, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. उलट त्याच गतीने फिरणारा तसाच दुसरा पंखा जोडल्यास आवाजात सुमारे ३ डेसिबलचीच भर पडते. त्यामुळे योग्य जागी बसवलेले तीन संथ पंखे एका वेगवान पंख्यापेक्षा केव्हाही बरे, आणि जागा असेल तिथे १२० मिलिमीटरऐवजी १४० मिलिमीटरचा पंखा बसवावा असे मला वाटते.

पंख्याची दिशा ओळखताना अनेकांचा गोंधळ होतो. ज्या बाजूला मोटर धरून ठेवणारे आडवे दांडे दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी अधिक ठेवावी, म्हणजे धूळ फटीफटींतून ओढली न जाता फिल्टरवर अडकते. अर्थात तो फिल्टर वेळच्या वेळी धुतला तरच.

लिक्विड कूलिंगविषयी एक समज मला सारखा आढळतो, की पाण्याचा कूलर बसवला म्हणजे कॅबिनेटमधल्या हवेचा प्रश्न मिटला. प्रत्यक्षात द्रव प्रोसेसरची उष्णता उचलून रेडिएटरपर्यंत, म्हणजे पंखे लावलेल्या पातळ पत्र्यांच्या चौकटीपर्यंत, नेतो आणि तिथे ती पुन्हा हवेच्याच स्वाधीन करतो, त्यामुळे रेडिएटर कुठे बसवला यावर ती हवा पुढे कोणाच्या वाट्याला येणार हे ठरते. समोर बसवून त्यातून हवा आत घेतली तर प्रोसेसरला सर्वांत थंड हवा मिळते, पण ग्राफिक्स कार्डला तापलेली हवा घ्यावी लागते. वर बसवून हवा बाहेर टाकली तर ग्राफिक्स कार्डला ताजी हवा मिळते आणि त्याने सोडलेली गरम हवा रेडिएटरमधून जात असल्याने प्रोसेसर काही अंश अधिक तापतो. खेळांसाठी वापरल्या जाणाऱ्या संगणकात बहुतेक उष्णता ग्राफिक्स कार्डच निर्माण करते, म्हणून मी वरची जागा पसंत करतो. वरच्या ३६० मिलिमीटरच्या रेडिएटरचा पुढचा पंखाही समोरची थंड हवा खेचतोच. फरक एवढाच की इथे ती रेडिएटरच्या पत्र्यांमधून जाते, म्हणजे वाया न जाता काम करूनच बाहेर पडते.

रेडिएटर समोरच बसवावा लागला तर द्रव फिरवणाऱ्या, बहुधा प्रोसेसरवरच बसणाऱ्या पंपाची उंची नीट पाहावी. कारखान्यातच द्रव भरून बंद केलेल्या कूलरमधला द्रव वर्षानुवर्षे नळ्यांच्या भिंतींमधून अगदी हळूहळू बाहेर झिरपत असतो आणि त्याची जागा घेणारी हवा सर्वांत उंच ठिकाणी साचते. ते ठिकाण पंप असेल तर गुळगुळ आवाज येतो आणि पंपाचे आयुष्य घटते. म्हणून रेडिएटरचा वरचा काठ पंपापेक्षा उंच हवा, आणि लांबी पुरत असेल तर नळ्या खालच्या टोकाला ठेवाव्यात, म्हणजे वर साचलेली हवा पुन्हा प्रवाहात ओढली जात नाही. रेडिएटर तळाशी आणि पंप त्याच्या वर, ही मांडणी मी कोणालाही सुचवणार नाही.

पंख्यांची गती प्रोसेसरच्या तापमानाशी जोडली की एखादा प्रोग्रॅम उघडताच ते घोंघावतात आणि लगेच शांत होतात. द्रव तापायला मात्र कित्येक मिनिटे लागतात, त्यामुळे कूलरमध्ये द्रवाचे तापमान मोजण्याची सोय असेल तर रेडिएटरच्या पंख्यांची गती त्याच्याशीच जोडावी आणि पंप एका स्थिर गतीवर ठेवावा. मी हा बदल केल्यापासून रात्री काम करताना पंख्यांची चढउतार ऐकू येत नाही.