आठ जीबीचं कार्ड आणि सर्व्हिस सेंटरची चिठ्ठी

तक्रार साधी होती. नवा मोठा गेम सुरुवातीला मस्त चालतो, मग दार उघडलं किंवा मान वळवली की चित्र अडकतं. भिंती आधी पुसट दिसतात, मग हळूहळू उमटतात. ग्राफिक्स कार्ड वॉरंटीत होतं, सर्व्हिस सेंटरला जमा केलं. पुढे नुसती वाट. फोन केला की "सर, टेस्टिंग चालू आहे." शेवटी कार्ड परत आलं, सोबत चिठ्ठी: नो फॉल्ट फाउंड. त्यांनी एक जुना बेंचमार्क, म्हणजे वेग मोजणारा प्रोग्राम, लावला होता, जो कार्डाची निम्मी मेमरीही भरत नव्हता. सरासरी एफपीएस (सेकंदाला किती चित्रं) बरोबर, तापमान बरोबर, विषय संपला! मी म्हटलं, गेम लावून बघा. "इथे गेम चालवत नाही." मोबाइलवर व्हिडिओ काढून नेला, तो बघायला कुणाला वेळ नव्हता. पुन्हा जमा, पुन्हा तीच चिठ्ठी. कार्डाची मेमरी (व्हीरॅम) किती भरते, एवढा एक आकडा त्यांनी बघितला असता तर माझी रखडपट्टी वाचली असती. याचा राग अजून आहे.

तो आकडा शेवटी मीच घरी पाहिला. आफ्टरबर्नर हे कार्डाचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यातून मेमरी आणि फ्रेमटाइम (एका चित्राला लागणारा वेळ) स्क्रीनवर लावा. ८ जीबी काठोकाठ भरली की उरलेला डेटा सिस्टिम रॅममध्ये जातो आणि पीसीआयईवरून, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्डमधल्या जोडणीवरून, ये-जा करतो. आरटीएक्स ३०७० हे आठ जीबीचं कार्ड स्वतःच्या मेमरीतून सेकंदाला ४४८ जीबी वाचतं, पीसीआयई ४.० च्या सोळा लेनमधून मात्र फार तर ३२. अडखळणं तिथलंच.

गेमच्या सेटिंगमध्ये टेक्श्चर (भिंती-वस्तूंवरची चित्रं) अल्ट्रावरून हायवर आणलं आणि गेम लोण्यासारखा चालला. रिझोल्यूशन, शॅडो कशालाच हात लावला नाही. काय बरं वाटलं! रे ट्रेसिंग (खऱ्यासारखा प्रकाश) आणि फ्रेम जनरेशन (मधली चित्रं कार्डानेच बनवणं) हेही मेमरी खातात, हे लक्षात असू द्या. ब्राउझरही बंद करा, तोही व्हीरॅम अडवतो.

हो, कार्ड जमा करण्याआधी सिरीयल नंबरच्या स्टिकरचा फोटो काढाच.

जीटीएक्स १०७० ला २०१६ मध्येच ८ जीबी होती आणि २०२३ च्या आरटीएक्स ४०६० लाही तेवढीच. मला हे पटत नाही. नवं घेणार असाल तर खोक्यावर मेमरी वाचा: ४०६० टीआय एकाच नावाने ८ आणि १६ जीबी अशा दोन्ही रूपांत आलं.