ड्रेसिंगच्या वेळचे सूर

भाजलेल्या मुलांच्या वॉर्डात संगीतोपचारक म्हणून काम करताना सर्वांत कठीण वेळ असते ती ड्रेसिंग बदलण्याची. वेदनाशामक औषध आधी दिलेले असते. तरीही जुनी पट्टी सुटू लागली की मुले आकांत करतात, कारण दुखण्याइतकीच पुढे काय होणार याची धास्ती मोठी असते.

त्या दिवशी सात वर्षांची एक मुलगी टेबलावर होती. तिच्या दोन्ही हातांना बोटांच्या टोकांपर्यंत पट्ट्या असल्यामुळे खुळखुळा, डफ किंवा टॅब्लेट यांतले काहीच तिच्या कामाचे नव्हते. नुसते गाणे ऐकवता आले असते. पण ज्या मुलाच्या अंगाला सगळे जण त्याला न विचारता हात लावतात, त्याच्या ताब्यात निदान एक गोष्ट असायलाच हवी, असे माझे ठाम मत आहे.

म्हणून मी तिच्या पायांशी सेन्सर उभा केला. हा सेन्सर अल्ट्रासाउंड लहरी सोडतो, त्या परतायला किती वेळ लागतो यावरून समोरच्या वस्तूचे अंतर ओळखतो आणि संगणक त्या अंतरानुसार सूर काढतो. उपकरणाला स्पर्शच करावा लागत नसल्यामुळे, जिथे संसर्गाचा धोका सतत असतो अशा वॉर्डात ते विशेष सोयीचे पडते. मी सा, रे, ग, प, ध एवढेच सूर ठेवले होते, म्हणजे पाय कुठेही गेला तरी कानाला खटकणार नव्हते. पहिला सूर उमटला तेव्हा तिने दचकून पाय मागे घेतला, सूर खाली उतरला, आणि मग तिने मुद्दाम पाय पुढे नेऊन तो वर चढवला.

सिस्टरशी मी आधीच ठरवले होते, की मुलीने पाय खाली टेकवला की हात थांबवायचा. ड्रेसिंग त्यामुळे लांबते, आणि कामाच्या रेट्यातही सिस्टरनी हे मान्य केले, याचे मोल मला उपकरणापेक्षा अधिक वाटते. मी सोबतीला ठेका धरला, तोही सुरुवातीला तिच्या धापेइतकाच जलद. संगीतोपचारात आधी रुग्णाच्या आहे त्या अवस्थेशी जुळवून घेतात आणि मगच लय हळूहळू उतरवतात. घाबरलेल्या मुलासमोर एकदम अंगाई लावली तर ते मूल आणि संगीत यांचा मेळच बसत नाही.

ती रडली नाही असे मी म्हणणार नाही. अंगठ्याजवळची पट्टी निघताना ती जोरात ओरडली आणि तिने पाय टेकवला. सिस्टर खरोखरच थांबल्या. खोलीत कोणीही घाई केली नाही. थोड्या वेळाने तिने स्वतःच पाय उचलला आणि म्हणाली, “आता करा.”

वेदना किती झाली हे विचारण्यासाठी आमच्याकडे हसऱ्यापासून रडव्यापर्यंत सहा चेहऱ्यांचा तक्ता असतो. तिने पायाच्या अंगठ्याने मधला चेहरा दाखवला. आधीच्या ड्रेसिंगला तिने शेवटचा दाखवला होता. एका मुलीच्या एका दिवसावरून मी मोठा निष्कर्ष काढत नाही, कारण औषधाची मात्रा, जखमेची स्थिती, हे सारेच बदलत असते. सिस्टरनी मात्र तिच्या फाइलमध्ये औषधांच्या सूचनांखाली दोन ओळी लिहिल्या: ड्रेसिंगपूर्वी सेन्सर लावावा, पाय टेकवल्यास थांबावे.